आळीपाळीची हवा

नेमसिंग राठोड खुशीत असला की एकटाच बोलतो, अन् गडी सदा खुशीतच! राजूरजवळच्या एका रोपवाटिकेत सागाच्या कुंड्या सांभाळायचं काम त्याचं. तिथं आभा मॅडमनं प्रयोगासाठी प्लास्टिकची दोन घरं बांधली. एका घरात कोळशाच्या पेटीतून गाळलेली हवा, दुसऱ्यात आपली रोजची. कोळशानं हवा साफ! नेमसिंग दिवसभर खिदळत होता. त्याच्या बापाची सारी जिंदगी खाणीत कोळसा उपसण्यात गेली होती.

मॅडमनं त्याला नीट समजावलं होतं. गाड्यांच्या अन् धुराड्यांच्या धुरातले वायू उन्हात तापले की ओझोन तयार होतो. तो पानांच्या छिद्रांतून आत शिरतो, पान डागाळतं, त्याला अन्न धड करता येत नाही, अन् झाड खुंटतं. दोन घरांतल्या रोपांत फरक दिसला तर काम पुढं चालणार. नाही तर प्रयोग बंद अन् नेमसिंग घरी. त्यानं मान डोलावली. पण मान डोलावणं वेगळं अन् डागाळलेलं रोप रोज डोळ्यानं पाहणं वेगळं, बाप्पा!

एका लेकराला तूप अन् दुसऱ्याला कोरडी भाकर, असं त्याच्या तांड्यात कोणी करत नाही. मग काय, दर अमावास्येला नेमसिंग इकडच्या साऱ्या कुंड्या तिकडं अन् तिकडच्या इकडं करू लागला. वर गाणं म्हणत!

मॅडमचे मोठे सर प्रयोगाच्या पाहणीला आले. मॅडमनं पट्टी लावली, तर दोन्ही घरांत उंची सारखीच. त्यांचा चेहरा पडला.

"पाहा ना साहेब, एकबी मागं नाही!" नेमसिंग उड्या मारत म्हणाला. "मी साऱ्यायले आळीपाळीनं चांगली हवा देऊन राह्यलो!"

करायला गेला गणपती अन् झाला मारुती! मॅडम मटकन खालीच बसल्या. "अहो नेमसिंगभाऊ, फरकच तर पाहायचा होता!"

तेव्हा कुठं नेमसिंगच्या डोक्यात उजेड पडला, अन् त्याची पाचावर धारण बसली.

सर मात्र एका रोपापुढं वाकले होते. खालची पानं डागाळलेली, मधली स्वच्छ, त्यावरची पुन्हा डागाळलेली. दुसऱ्या घरातलं रोप नेमकं उलट. "हवा बदलली तसं पान बदललंय की!" म्हणत ते खो खो हसत सुटले. मॅडमही हसल्या. नेमसिंग तर कुंडी पोटाशी धरून नाचलाच.

"उंचीचं माप वाया गेलं, ते नव्यानं घ्यावं लागेल," सर म्हणाले. "काम चालू राहील. पण आता एकही कुंडी हलवायची नाही."

"याडीची आण, साहेब! माझ्या मायची शपथ, नाही हलवत."

संध्याकाळी तो गात गातच घरी निघाला. रस्त्याकडेला, गाड्यांच्या धुरात, एक जुना साग उभा आहे. येता-जाता त्याला रामराम करायची नेमसिंगची सवय. आज त्यानं फांदी वाकवून एका पानावरची धूळ पुसली. धुळीखाली डागच डाग. त्यानं दुसरं पान पुसलं, मग तिसरं. गाणं तोंडातच राहिलं.

"तुले कोणत्या घरात नेऊ रे बाबा?" त्यानं विचारलं.