मामीची विळी आणि जपानी चाकू

सौंसरच्या माझ्या मोठ्या मामीइतकी संशयी बाई सगळ्या पंचक्रोशीत शोधून सापडायची नाही. दूधवाल्याचं दूध ती आधी हुंगते, मग बोटावर थेंब घेते आणि शेवटी दूधवाल्याच्या तोंडाकडे बघते. जामसांवलीच्या मारुतीचा प्रसाद दिला तर विचारते, "तिथलाच हाय ना, का बोरगावात पेढे बांधून घेतले?" स्वतःच्या बागेतलं संत्रंसुद्धा ती चाखल्याशिवाय पाहुण्याला देत नाही. पण आंबट निघालं तर मुकाट्यानं स्वतः खाते आणि गोड आमच्या हातावर ठेवते, म्हणून मला तिचा राग कधी आला नाही.

अशा घरात मामेभाऊ कंपनीच्या कामानं जपानला गेला आणि येताना भाजी कापायचा चाकू घेऊन आला. तिथल्या कारागिरानं हातानं घडवलेला, पसरट पात्याचा, लाकडी मुठीचा. मामीचे गुडघे कामातून गेलेले. ओट्याशी उभं राहून तिला भाजी चिरता यावी, एवढाच त्याचा हेतू. मामीनं चाकू उलटसुलट पाहिला. "याचं टोक कुठं गेलं?" पात्याची घडणच बिनटोकाची होती, पण मामीच्या मते विमानतळावर कोणीतरी मोडून घेतलं होतं. गंजू नये म्हणून तो वापरला की लगेच धुऊन पुसायचा, हे ऐकून तर ती भडकलीच. "चाकू हाय का जावई?" खरा संशय तिनं मला एकट्याला सांगितला. "मले इळीवरून उठवून राहिले बाप्पा. आज इळी गेली, उद्या सयपाकघर जाईन. मंग मी काय देवापाशी बसून वाती वळू?"

चाकू फळीवर राहिला आणि मामी विळीवर.

गेल्या हिवाळ्यात मी पांढुर्ण्याहून मुक्कामाला गेलो होतो. सकाळी मामी आंघोळीला गेल्याची संधी साधून तिच्या सुनेनं, म्हणजे वहिनीनं, माझ्या पोह्यांचा कांदा त्याच चाकूनं सपासप चिरला, चाकू पुसून फळीवर ठेवला आणि शाळेत शिकवायला गेली. दुपारी मी बाजारातून परतलो तर मामी विळीवर बसलेली, भोवती चिरलेल्या भाजीचा ढीग. वांगी, मुळे, कोबी, दुसऱ्या दिवशीची मेथीसुद्धा.

"मामी, ऊठ ना आता."

"काम संपलं नाई माया."

टोपलीत एकच बटाटा उरला होता. तिला उठताच येत नव्हतं, आणि ते सांगायचं नव्हतं. मला आधी हसू आलं, मग मी हातातली पिशवी खाली ठेवली.

तेवढ्यात वहिनी आली. तिनं ढिगाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. फळीवरचा चाकू काढून ओट्यावर ठेवला. "आई, याच्यानं मले कापताच येत नाई. बोट जाईन असं भेव वाटते. तुमी जरा दाखवून द्या ना." आणि हात पुढे केला.

मामी तो हात धरून कण्हत उठली. चाकू उचलून तिनं सवयीनं नाकाशी नेला. सकाळचा कांदा त्या नाकातून सुटणं शक्यच नव्हतं. तिनं एकवार सुनेकडे पाहिलं.

"दे तो बटाटा," ती म्हणाली. "पाह्य, असा धरा लागते."

वहिनी शेजारी उभी राहून शहाण्या मुलीसारखी पाहत राहिली. स्वयंपाकघरात मी मामीला कायम बसलेलीच पाहत आलो होतो. त्या दिवशी लक्षात आलं, ती आता सुनेच्या खांद्यालाही लागत नाही.