पालथी वाटी

माझे चुलत सासरे भेटेपर्यंत अंबडमधल्या कुठल्याही माणसाला आपण कोण आहोत हे ठाऊक नसतं. भेटले की मात्र सुटका नाही. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला हा माणूस निवृत्त झाला तो तिकिटं देण्यातून, विचारपूस करण्यातून नव्हे. आडनाव, गाव, आजोबांचं नाव असे प्रश्न एकामागून एक येतात आणि पणजोबांपाशी समोरचा अडखळला, की काकांच्या डोळ्यांत त्याच्याविषयी अपार माया दाटून येते. "पणजा म्हाईत न्हाई, अन् झोप बराबर लागती तुम्हाला?" असं एकदा त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, तेही डॉक्टर त्यांचं ब्लडप्रेशर तपासत असताना.

पेपरात ते फक्त श्रद्धांजलीच्या जाहिराती वाचतात. खाली शोकाकुल म्हणून मुलं, सुना, नातवंडं छापलेली असतात ना, काकांच्या मते ती फुकटात मिळालेली वंशावळ! साठी उलटल्यावर ते मोडी शिकले. जुन्या उर्दू कागदांसाठी एका निवृत्त मास्तरांना त्यांनी रोजच्या चहावर बांधून घेतलं आहे. शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्या, हल्ली मोबाइलवर दिसणारी जुनी दप्तरं, काही सोडलं नाही. हे सगळं उतरवलंय मांजरपाटाच्या लांबलचक कापडावर. ते उलगडलं की बैठकीतून थेट स्वयंपाकघरात जातं आणि काकू दहा पिढ्या ओलांडून चहा आणतात.

या विद्येचा समाजाला उपयोग किती, हे विचारू नये. वडीगोद्रीला हायवेलगतच्या एका दुकानासमोर दोघेजण गाडी लावण्यावरून हातघाईवर आले होते. काका मध्ये पडले, अर्ध्या तासात दोघांचे खापरपणजे सख्खे भाऊ ठरवून मोकळे झाले. दोघांनी गळाभेट घेतली. मग दोघांनाही एकदम आठवलं, की असं असेल तर ओढ्याकाठची जमीन सामाईक होती! आता दोघं अंबडच्या कोर्टात भेटतात. "पण नातं सापडलं ना?" काका अभिमानाने म्हणतात.

मला लाज वाटायची ती त्यांच्या एकाच खोडीची. जेवायला कुठंही बसले, की रिकामं झालेलं भांडं ते पालथं घालून बघायचे. तांब्या, पेला, परात, काहीही. भांड्यावर कोरलेली नावं वाचायला! व्याह्यांकडे तर अर्धा भरलेला तांब्या पालथा घातला. विहीणबाईंचं नवं पातळ भिजलं. परतताना मी रागावलो, तेव्हा ते या खोडीविषयी पहिल्यांदा बोलले.

"जावईबापू, दहा पिढ्यांचे बाप तोंडपाठ हायेत मला. मायचं नाव म्हाईत न्हाई."

मला आधी कळेचना. कापडावर तर 'लक्ष्मी' लिहिलेलं होतं.

"ते सासरचं. लग्नात तांदळावर लिहून बदललेलं. माहेरचं कोणतं? मी पाच वर्षांचा होतो, ती गेली. बाप 'अगं'च्या पुढं कधी गेला न्हाई. तिची घागर होती लग्नातली, नाव कोरलेली. नोकरी लागल्यावर मीच मोडीत देऊन स्टीलचा डबा आणला. वाचता येत होतं हो मला. वाचलं न्हाई."

वाटूर तिचं माहेर. बापानं दुसरं लग्न केल्यावर तिकडचं येणंजाणं तुटलं आणि गावोगाव हिंडणारा हा माणूस सत्तरी ओलांडेपर्यंत तेवढ्या एका दारात गेला नव्हता. मीच त्यांना ओढून नेलं. घरात वयानं वाकलेल्या मामी होत्या. त्यांनी काकांच्या तोंडावरून हात फिरवला, रडल्या, नाव विचारल्यावर मात्र हसल्या. "वन्सं म्हणायचो आम्ही. नणंदेचं नाव कोण घेतंय, बाबा?"

काका जेवायला बसले. वरणाची काशाची वाटी संपवली आणि सवयीनं पालथी घातली. मग चष्मा पुसला. पुन्हा पुसला. वाटी माझ्यापुढे धरली. झिजलेली अक्षरं होती: 'चि. केसर हिस आत्याकडून'.

"वन्संचीच हाय ती," मामी म्हणाल्या, "बारशाची. घेऊन जा."

परतीच्या जालना गाडीत काका खिडकीशी बसले. बाहेर कपाशीवर उन्हं कलत होती. बराच वेळ ते 'केसर' एवढंच पुटपुटत होते, कुणाला तरी हाक मारून बघावी तसं. आयुष्यात त्यांनी कुणाला फुकट बसू दिलं नव्हतं, सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा नाही. कंडक्टर आला.

"एक फुल," काका म्हणाले, "माझं हाफ. अन् एक लेडीज."

"बाई कुठं हायेत?"

"हायेत. तुम्ही काढा तिकीट."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिन्ही तिकिटं घेऊन काका अलीकडे सरकले, मीही सरकलो. खिडकीशेजारी जागा झाली तिथं त्यांनी वाटी ठेवली, तिच्यात ते एक तिकीट घातलं, आणि जालना येईपर्यंत गाडी हादरली की तिच्यावर हात धरत राहिले.