पांढऱ्या टाचणीचा कारखाना

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर बंगळूरचा मोठा नकाशा होता आणि त्यावर टाचण्या टोचायचं काम माझ्याकडे होतं. लाल टाचणी म्हणजे हा कारखाना आज अग्निबाणाचे सुटे भाग करू शकतो. पिवळी म्हणजे शिकवलं तर करील. पांढरी म्हणजे नाव लिहून घेतलं, विषय संपला. साठच्या दशकातली मधली वर्षं होती. केरळच्या किनाऱ्यावरून छोटे अग्निबाण उडायला लागले होते. त्यांचे भाग देशातच कोण करील याची यादी हवी होती, म्हणून हे तात्पुरतं ऑफिस निघालं होतं. ऑफिस म्हणजे एक साहेब, एक शिपाई आणि मी.

साहेब पुण्याचे, नवीनच आलेले. कानडीचा गंध नाही. मला घेतलं ते टायपिंगपेक्षा मराठी येतं म्हणून. आमचं घराणं तीनशे वर्षं इथलं. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, बाजारात थोडी तमिळ. माझ्या मराठीची साहेबांना गंमत वाटायची. मी 'ठीक'च्या जागी 'सरी' म्हटलं की ते हसायचे. त्यांचं 'अहो, तसं नव्हे' ऐकून मी मनातल्या मनात हसून घ्यायची, म्हणजे फिट्टंफाट.

रोज सकाळी जीपमधून आम्ही कारखाने बघायला निघायचो. साहेब मालकापुढे एक ड्रॉइंग धरायचे. ॲल्युमिनियमची एक कडी होती. तिच्या मापात एका थाऊपेक्षा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त फरक चालणार नव्हता. होईल का, असं ते विचारायचे. मालक कानडीत बोलायचा, मी मराठीत सांगायची, साहेब रंग ठरवायचे आणि मी कार्डावर लिहायची.

आता इथला मुरलेला कारागीर 'होईल' असं कधी म्हणत नाही. धातूला हात लावण्याआधी होईल म्हणणं म्हणजे माज, अशी त्यांची समजूत. तो म्हणतो, 'नोडोणा', बघूया. एकदा नोडोणा म्हटलं की काम पुरं होईपर्यंत तो जेवायलाही उठत नाही. छाती ठोकून हो म्हणणाऱ्यांचाच मला संशय यायचा. त्यामुळे कुणी नोडोणा म्हटलं की मी बेधडक सांगायची, "करतो म्हणतायत." साहेब मान हलवायचे. लाल.

राजाजीनगरात माझ्या धाकट्या भावाचा, माझ्या तम्माचा, कारखाना होता. दोन लेथ, एक ड्रिल, वर पत्रे. विमानांच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून त्यानं तो काढला होता आणि घरात कुणाला ते पटलं नव्हतं. पंपांचे दांडे आणि छापखान्यांचे रूळ करण्यात त्याची दोन वर्षं गेली होती. "अक्का, माझ्या लेथवरचं एक तरी काही वर जाऊ दे," असं तो म्हणायचा. लाल टाचणी लागली तर ड्रॉइंग टपालानं त्याच्या दारात येणार होतं. दुसरा रस्ता नव्हता.

पण नोकरी घेताना मी एका कागदावर सही केली होती, की यादीतला कुठलाही कारखाना माझ्या नातलगाचा नाही. तोवर यादीच नव्हती, त्यामुळे सही करताना काही खोटंही वाटलं नव्हतं. आता मी कायम व्हायची होते. लग्नानंतर माझं आडनाव वेगळं, चेहरेही आमचे सारखे नाहीत. आम्ही दोघांनी ठरवलं, त्या दिवशी ओळख दाखवायची नाही.

गेलो. त्यानं हात पुसले, साहेबांना स्टूल दिलं, मला उभंच ठेवलं. साहेबांनी सोपं इंग्रजी सुरू केलं तसा तो म्हणाला, "मराठीत बोला की साहेब, आम्ही मराठीच." साहेबांचा चेहरा खुलला. त्याचा तर असा खुलला की मला खाली बघावं लागलं. घराबाहेरच्या माणसाशी मराठी बोलायची संधी त्याला कुठे मिळत होती?

त्यानं ड्रॉइंग उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं. धातू तुम्ही देणार काय, आम्ही आणायचा, असं विचारलं. मग कागद परत देत म्हणाला, "बघूया."

"हरकत नाही," साहेब म्हणाले. "काही हरकत नाही." त्यांनी ड्रॉइंगची घडी घातली.

पुण्यात बघूया म्हणजे काय, ते मला माहीत होतं. साहेबांकडूनच शिकले होते. मी रजा मागितली की ते बघूया म्हणत आणि रजा मिळत नसे. जीपमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "आपला माणूस. तोंडावर नाही म्हणवेना त्याला. पांढरं करा."

मी लिहिलं. ऑफिसात येऊन टाचणी टोचली, डबा खाल्ला, तीन पत्रं टाइप केली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर गाल आपला राहत नाही, तसं होतं ते, आणि पुढचे कितीतरी दिवस तसंच राहिलं.

लाल कारखान्यांना ड्रॉइंग गेली. पाकिटांवरचे पत्तेही मीच टाइप केले. भाऊ महिनाभर टपालवाल्याला विचारत होता, हे मला वहिनीकडून कळलं. शेवटी एका रविवारी तो घरी आला. मी तांदूळ निवडत होते. तो समोर बसला.

"कुठला रंग, अक्का?"

"पांढरा."

"का?"

मी सांगितलं. साहेबांना बघूया म्हणजे नाही वाटलं, असं.

त्यानं सुपातले चार दाणे बोटानं सरकवले. मग म्हणाला, "तू होतीस की तिथं."

"नातं कळलं असतं तर नोकरी गेली असती, तम्मा." ही सबब मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली होती की ती सुपारीसारखी गुळगुळीत झाली होती.

"नातं कुठं सांगायचं होतं? मी काय म्हटलो तेवढं सांगायचं. सगळ्यांचं सांगतेस ना तू?"

सांगत होते. त्याच्याकडे गेलो त्याच्या आदल्याच दिवशी शेजारच्या गल्लीतल्या एकाचा नोडोणा मी लाल करून आले होते. ते माझं कामच होतं, त्यात कुणाला काही वावगं दिसलं नसतं. तसंच ह्याचंही सांगता आलं असतं. पण ते दोघं मराठीत बोलत होते, आणि मराठीतून मराठीत सांगायला माझी गरज आहे, हे साहेबांच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या आलं होतं. मी तोंड उघडलं नाही.

मी सुपातला एक खडा बाजूला काढला. तो उठला, चप्पल पायात घातली.

"मी कानडीत बोलायला पाहिजे होतं काय, अक्का?"

"हो," मी म्हटलं.