आईला कळलं न्हाय म्हंजे

शिवाजी पेठेतल्या शिकवणीच्या बाईंनी मला आत बसवलं. शाळा सुटल्यावर पोरं त्यांच्याकडे येतात, माझी लेकही. बाईंचा चष्मा कायम कपाळावर आणि आवाज पार चौकापर्यंत. न्यायला येणाऱ्याला पोरानं धडा समजावायचा, मगच घरी जायचं, हा त्यांचा नियम. सातवीत शाळा सुटलेली मी भीतीनं दाराबाहेरच थांबायचे.

एक दिवस बाईंनीच हाक मारली, "वैनी, चपला राखाय आलाय व्हय? आत या की!"

लेकीनं अपूर्णांक सांगितले. मला कळेनात. मी मान खाली घातली, तर बाई तिच्यावरच कडाडल्या, "आईला कळलं न्हाय म्हंजे तुला येत न्हाय. परत सांग!"

लेक पुन्हा सांगू लागली. चंदगडच्या शाळेत मला असं परत कुणी सांगितलं असतं तर, या विचारानं डोळे भरले.

कधीतरी गावाकडं अशीच शिकवणी काढीन आणि बाईंचे उपकार तिथं फेडीन.