कपाटातली एकतीस प्रमाणपत्रे

त्या आठवड्याचा सोमवार ते शुक्रवार मला आजही वेळांसकट सांगता येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतल्या बऱ्याच आरोपींचे चेहरे आता पुसट झाले आहेत. हे प्रकरण मात्र पुसट झाले नाही. चोरीला गेलेल्या मालाची किंमत लिहायच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने शून्य लिहिले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात फौजदार होतो आणि रामदासपेठ माझ्या हद्दीत येत असे. तेव्हाची रामदासपेठ म्हणजे कडुनिंबाच्या सावलीतले बंगले, मधूनमधून एखादा नवा दवाखाना, एखादी कचेरी. एप्रिल लागला की खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधल्या जात, आणि सायकलवरून जाणाऱ्यालाही त्यांचा ओला वास येई. दुपारी रस्ता इतका शांत असे की वरच्या मजल्यावरचा टाइपरायटर खाली ऐकू यायचा.

अशाच एका वरच्या मजल्यावर ती एजन्सी होती. एखाद्या कचेरीतली टायपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर गेली, एखाद्या दवाखान्यातला कारकून आजारी पडला, की ही एजन्सी एक, दोन, तीन महिन्यांपुरता माणूस पाठवी. पार्टीकडून, म्हणजे माणूस मागणाऱ्या कचेरीकडून, पैसे एजन्सी घेई आणि आपला हिस्सा कापून माणसाला देई. यात बेकायदेशीर काही नव्हते. एक पद्धत मात्र मला सोमवारपर्यंत ठाऊक नव्हती. नाव नोंदवताना प्रत्येकाचे मॅट्रिकचे मूळ प्रमाणपत्र मालक आपल्या कपाटात ठेवून घेत असे.

सोमवारी सकाळी मालक ठाण्यात आला. कपाटातला प्रमाणपत्रांचा गठ्ठा गेला होता. एकूण एकतीस. कुलूप फोडलेले नव्हते, किल्लीने उघडलेले होते. शेजारची पैशांची पेटी जागच्या जागी होती.

"संशय कोणावर?" मी विचारले.

त्याने लगेच एका टायपिस्ट मुलीचे नाव सांगितले. बावीस वर्षांची, उत्तर नागपुरातल्या वस्तीत राहणारी. तिला सेवायोजन कार्यालयामार्फत एका सरकारी कचेरीत कायम नेमणूक मिळाली होती. शुक्रवारी कचेरी बंद होण्याआधी मूळ प्रमाणपत्र दाखवून रुजू व्हायचे, नाहीतर नेमणूक रद्द आणि पुढच्या उमेदवाराला बोलावणे. शनिवारी ती प्रमाणपत्र मागायला आली, मालकाने सध्याचे काम संपेपर्यंत द्यायचे नाकारले, आणि दोघांचे भांडण झाले.

"पण एकीनं एकतीस काहून नेले?"

"साहेब, एकच नेलं असतं तर सरळ तिचंच नाव आलं असतं. तेवढी हुशार आहे ती. मीच तयार केली ना!"

म्हणणे पटण्यासारखे होते. मी घटनास्थळाचा पंचनामा केला. तिथे हजेरीचे रजिस्टर लिहिणारा एक म्हातारा कारकून होता. सगळे त्याला बाबूजी म्हणत. त्याने आम्हाला सुरईतले पाणी दिले, कपाटाची दुसरी किल्ली वर्षापूर्वी हरवल्याचे सांगितले आणि पुन्हा रजिस्टरात डोके घातले.

मुलीला दुपारी ठाण्यात बोलावले. ती घाबरलेली होती, पण उत्तरे सरळ देत होती.

"मी चोरलं असतं तं इथं बसली असती काय साहेब? आज सकाळीच रुजू झाली असती."

"मग मालकाशी भांडण?"

"भांडण झालं ना. काम त्याईनंच देल्लं, खोटं काहून बोलू? चार वर्ष नाव नोंदवून बसली होती, मले कोणी विचारत नोहतं. त्याईनं आठ दिवसांत खुर्चीवर बसवलं. पण कागद तं माह्या नावाचा आहे."

मी जबाब लिहून घेतला. त्याच वेळी मला थांबता आले असते. पण फिर्यादीत नाव होते आणि झडती घ्यायची रीत होती. मंगळवारी सकाळी आठला मी दोन पंच घेऊन जीपने तिच्या घरी गेलो. एक खोली, पुढे पडवी, भिंतीवर बुद्धाची तसबीर. वडील गिरणीत पहिल्या पाळीला गेले होते. आईने स्वतःच पेटी उघडून दिली, डबे उघडून दिले, अंथरुणे झटकून दाखवली. वस्तीतली निम्मी माणसे दाराशी जमली होती. काही मिळाले नाही. निघताना ती बाई म्हणाली,

"साहेब, आमच्या घरात पहिली मॅट्रिक झालेली पोरगी आहे ही. तो कागद घरी असता तं मी लपवून ठेवला असता काय? भिंतीले टांगला असता!"

एक पंच हसला. मी हसलो नाही, पण जीपमध्ये बसल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना.

बुधवारी दुपारी आमचे जमादार टेबलाशी येऊन उभे राहिले. माणूस जुना, वस्तीवस्तीत ओळखी असलेला.

"साहेब, एक सांगू काय? माहा भाचा त्या एजन्सीतूनच जाते कामाले. त्याचं सर्टिफिकेट आलं ना घरी!"

"कसं आलं?"

"सकाळी दार उघडलं तं उंबऱ्यात लिफाफा. वर नाव, आत सर्टिफिकेट. भाचा म्हणते, मामा, कोणाले सांगू नको. म्हटलं, अबे, मी पोलीस आहो!"

चोर चोरलेला माल मालाच्या धन्याच्या दारात ठेवतो, असे मी तोवर पाहिले नव्हते. मला आकड्यांची सवय आहे. घरचा किराणाही मी वहीत लिहितो. त्या दिवशी मी एकतीस नावांचा तक्ता आखला आणि शिपायांना सायकलवर पाठवून घरोघर एकच गोष्ट विचारायला लावली. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तक्ता भरला. नऊ जणांना लिफाफे मिळाले होते. मंगळवारी तीन, बुधवारी तीन, गुरुवारी तीन, सगळे सकाळच्या वेळी.

पण याच नऊ जणांना का? मी प्रत्येकाला पुन्हा विचारायला लावले, तेव्हा कळले की नऊही जणांना कुठे ना कुठे कायम नोकरीची संधी आली होती. नऊही जणांनी प्रमाणपत्र परत मागितले होते आणि मालकाने काही ना काही कारण सांगून टाळले होते. असे टाळलेले लोक एकूण दहा निघाले. दहावे नाव त्या मुलीचे.

मालक ठाण्यातच बसला होता. तो म्हणाला, "बघा! दहाव्याचं आलं नाही, कारण ते तिच्याकडेच आहे. आता तरी अटक करा."

आकडा तोच, पण तो दोन्हीकडे बोट दाखवत होता. मी तिच्या नव्या कचेरीत फोन लावला. आस्थापना विभागाचा हेडक्लार्क म्हणाला, "ती दोनदा येऊन गेली. सत्यप्रत दाखवून मुदत मागत होती. रडून राहिली होती बिचारी. पण मूळ कागद पाहिल्याशिवाय मी रुजू कशी करू?" म्हणजे प्रमाणपत्र तिच्याकडे नव्हते. शिवाय बाकीच्या नऊ जणांचे पत्ते आणि त्यांची अडचण तिला ठाऊक असायचे कारण नव्हते.

मी मालकाला विचारले, "कोणाला प्रमाणपत्र परत हवं आहे, हे तुम्हाला कोण सांगतं?"

"ते बाबूजीकडे अर्ज देतात. बाबूजी चिठ्ठी आत आणतो." एवढे बोलून त्याने तक्ता स्वतःकडे ओढला.

शुक्रवारी सकाळी बाबूजींना बोलावले. मी समोर चहा ठेवला आणि तक्ता त्यांच्याकडे फिरवला. रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाला तक्ता वाचायला वेळ लागत नाही. त्यांनी नऊ खुणांवरून बोट फिरवले आणि त्या मुलीच्या नावावर थांबवले.

"किल्ली हरवली नव्हती," मी म्हणालो.

"नाही साहेब."

"हिचं का नाही दिलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "पहिले तिचंच देणार होतो. तिची तारीख सगळ्यांत जवळ. मंगळवारी सकाळी लिफाफा घेऊन तिच्या गल्लीत गेलो, तं तुमची जीप उभी दारात. सायकल फिरवली ना मी. तिच्याजवळ सापडलं असतं तं तुम्ही तिले सोडलं असतं काय?"

उत्तर दोघांनाही माहीत होते.

त्यांच्या घरी पंचांसमक्ष पेटी उघडली. बावीस प्रमाणपत्रे निघाली. त्यांतच तळाशी एक जुने, घड्यांवर फाटत आलेले.

"हे कोणाचं?"

"माहं. तीन महिन्यांसाठी लागलो होतो साहेब, अकरा वर्षं झाली. माहं नाव अजून टेम्पररीच्याच रजिस्टरात आहे. मीच लिहितो ते."

पंचनामा संपला तेव्हा अडीच वाजले होते, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. ते प्रमाणपत्र आता मुद्देमाल झाले होते. मुद्देमाल न्यायालयाच्या हुकमाशिवाय कोणाच्या हाती देता येत नाही, आणि त्या हुकमाला पंधरा दिवस तरी लागतात. मुलीकडे अडीच तास होते. माझ्या एका सहकाऱ्याने सुचवले, "पंचनाम्यात एकवीस लिहा ना, कोण मोजणार आहे?" मी मोजलेले होते. बावीसचे एकवीस मला करता येत नव्हते.

मग लक्षात आले की त्या कचेरीला कागद ठेवून घ्यायचा नव्हता, फक्त पाहायचा होता. मी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद केली: मुद्देमालातील क्रमांक सतराचे प्रमाणपत्र पडताळणीसाठी तपास अधिकारी स्वतःच्या ताब्यात ठेवून घेऊन जात आहेत. आणि जमादारांना मुलीच्या घरी पिटाळले.

पोलीस पुन्हा दारात आलेले पाहून आईने पदर खोचला. "आता अटक करून राहिले काय? मले पण घेऊन चला मंग!"

जमादार म्हणाले, "अटक नाही वं माय. पोरी, चांगली साडी नेस, नोकरीवर जायचं आहे!"

सव्वाचारला मायलेकी सायकलरिक्षातून कचेरीच्या फाटकाशी उतरल्या. मागून जमादार सायकलवर, घामाने न्हालेले. मी आत हेडक्लार्कच्या टेबलावर प्रमाणपत्र उघडून धरले. त्याने हात पुढे केला.

"हात नका लावू," मी म्हणालो. "मुद्देमाल आहे. नुसतं पाहा."

"बाप्पा! तीस वर्षांत असं जॉइनिंग नाही केलं मी." त्याने चष्मा चढवला, सत्यप्रत शेजारी ठेवली, नाव, जन्मतारीख, क्रमांक असे एकेक अक्षर ताडून पाहिले. मग थांबला. "हिच्यावर केस आहे काय?"

"ती साक्षीदार आहे."

त्याने सत्यप्रतीवर ‘मूळ पाहिले’ असे लिहून सही केली आणि हजेरीपट मुलीकडे सरकवला. साडेचार वाजले होते. तिने पहिल्यांदा सही केली ती रेघेच्या बाहेर गेली. हेडक्लार्क म्हणाला, "असू दे. अजून छत्तीस वर्षं करायच्या आहेत." आई दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती.

प्रकरणात मी ‘क’ समरी, म्हणजे खटला न भरता प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली. चोरीच्या कलमात मालकी नाही, ताबा पाहतात, हे खरे; पण अप्रामाणिक हेतूही लागतो, आणि ज्याचा कागद त्याच्या दारात ठेवण्यात तो मला दिसला नाही. दंडाधिकाऱ्यांनी समरी मान्य केली आणि प्रमाणपत्रे ज्याच्या नावाची त्याला दिली. मालकाने बाबूजींना दुसऱ्याच दिवशी काढले होते. नोटीस लागली नाही. कागदोपत्री ते तात्पुरतेच होते. पुढे लकडगंजातल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे ते ओळखीने मुनीम म्हणून लागले.

आता अशा एजन्सी गल्लोगल्ली झाल्या आहेत. शेजारपाजारचे लोक मला विचारतात, पोराला तिथे घालू का? मी नाही म्हणत नाही. ज्याची कुठे ओळख आहे त्याला एजन्सी लागत नाही. ज्याची नाही त्याला आत शिरायला तेच एक दार आहे. त्या मुलीला तिथेच पहिली खुर्ची मिळाली, कामावर हात तिथेच बसला, आणि हे श्रेय मालकाचे होते. पण त्या दाराला आतून कडी कोण लावतो, ते पाहावे. मूळ कागद कोणाला देऊ नये, सत्यप्रत द्यावी. तीन महिने म्हटले तर तीन महिने मोजावेत. आणि हेही धरून चालावे की कचेरीत काही हरवले तर पहिले नाव तात्पुरत्या माणसाचे येते.

हे शेवटचे मी अनुभवाने सांगतो, कारण ते नाव घेऊन जीपमध्ये बसलेला मी होतो.

दोन महिन्यांनी त्या मुलीचा चारित्र्य पडताळणीचा फॉर्म माझ्याच टेबलावर आला. उमेदवाराचा पोलीस कारवाईशी कधी संबंध आला आहे काय, असा त्यात रकाना होता. नाही लिहिले असते तर ते खोटे झाले असते. नुसते होय लिहिले असते तर तिची नोकरी गेली असती. मी लिहिले: "होय. घराची झडती घेण्यात आली. काही मिळाले नाही. ही झडती घेण्याची आवश्यकता नव्हती." खाली सही केली.

फॉर्म निरीक्षकांकडे गेला. त्यांनी मला आत बोलावले आणि शेवटच्या वाक्यावर पेन टेकवले.

"हे काहून लिहिलं? झडती कोणी घेतली, असं वरून विचारतील."

"माझं नाव खाली आहे, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली घेतले आणि वाक्य न खोडता सही केली.