न हलवलेली प्याली

सकाळी सुनेने चहासाठी वेलदोडे कुटले आणि त्या वासासरशी मी कुवेतला पोचलो, तीस वर्षं मागे. तिथे मी एका राजदूत बाईंचा खानसामा होतो. त्यांच्या देशाने परदेशी धाडलेल्या त्या पहिल्याच बाई राजदूत. देशाचे मात्र दोन तुकडे झालेले. बाईंची आई पलीकडच्या तुकड्यात, आणि बाईंना तिकडे जायला बंदी.

एका दुपारी त्यांची आई गेल्याचा फोन आला. बाई दिवाणखान्यात एकट्याच बसल्या. मी वेलदोड्याची अरबी कॉफी ओतू लागलो. तिकडची रीत अशी, की पुरे झालं की पिणाऱ्याने रिकामी प्याली हलवायची. तोवर वाढणाऱ्याने जागचं हलायचं नाही. बाई प्याली हलवेचनात. माझे पाय भरून आले. सहाव्यांदा ओतताना मी चाचरत म्हटलं, "मॅडम, नको असेल तर प्याली हलवतात इकडे."

"ठाऊक आहे, गणपत," त्या म्हणाल्या आणि प्याली पुढे केली.

तेव्हा मी मनात चिडलो होतो.

आता आमची ही जाऊनही वर्ष झालं. सून कामावर निघायच्या घाईत विचारते, "बाबा, आणखी चहा?"

नको असतो. मी कप पुढे करतो.