मुसेंबीच्या मुठीतला पट्टा

बावीस वर्षं नैरोबीतल्या बंगल्यांच्या फाटकांवर कुत्रा घेऊन पहारा दिलेला मुसेंबी निवृत्त होऊन गावी आला, तेव्हा कंपनीनं त्याला एक घड्याळ दिलं आणि म्हातारा झालेला त्याचा कुत्रा रेंजरही देऊन टाकला. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. रेंजर मात्र अजून ड्युटीवरच होता.

अंगणात तो इतका गरीब की कोंबड्या त्याच्या अंगावरून जात. पण पट्टा लावून वाटेवर नेला की शाळेच्या पोरांवर आणि दिसेल त्या कुत्र्यावर झेप घेई. परवा शेजारच्या न्डिंडाची सात वर्षांची लेक घाबरून काटेरी कुंपणात पडली. न्डिंडा तिला कडेवर घेऊनच भांडायला आली.

"दादा, पुन्हा एकदा असं झालं की कुत्रा कंपनीला परत. मुखियाला सांगून आलेय मी."

परत म्हणजे सुई टोचून मारणार, हे मुसेंबीला पक्कं ठाऊक होतं. त्याला दोन दिवस घास गेला नाही.

दरडावून झालं, पट्टा आखूड धरून झाला, मांसाचे तुकडे दाखवून झाले. बुधवारी बाजाराला निघालेली त्याची बायको कवाता म्हणाली, "आज मी नेते." तिनं पट्टा कमरेला बांधला आणि इथल्या सगळ्या बायकांसारखी घायपाताच्या सुतळीची पिशवी विणत चालू लागली. मुसेंबी जीव मुठीत धरून मागे. समोरून पोरं ओरडत आली. रेंजरनं कान टवकारले, कवाताकडे पाहिलं. ती टाके मोजत होती. तो मुकाट्यानं पुढे चालला.

"तुझाच लाडका तो," मुसेंबी कुरकुरला.

"लाडका कसला! अहो, पोरं दिसली की तुम्ही पट्ट्याचे मुठीला दोन वेढे घेता. वेढे पडले की चोर आला, हे त्याला शिकवलं कुणी?"

मुसेंबीनं आपली मूठ पाहिली. आपण वेढे घेतो हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं; हात आपला आपणच घेत होता. एवढे दिवस बिचाऱ्या रेंजरला शिव्या घातल्या, याची त्याला फार लाज वाटली.

"मग हातांना काम द्या," म्हणत कवातानं एक अर्धी पिशवी त्याच्यापुढे टाकली.

दुसऱ्या दिवशी कमरेला कुत्रा आणि हातात विणकाम, असा मुसेंबी वाटेनं निघाला. चहाच्या टपरीवरच्या पुरुषांना आयतंच मिळालं.

"काय मुसेंबी, बायकोचा झगा कधी घालतोस?"

"आधी तुझ्या बायकोसाठी पिशवी होऊ दे," तो म्हणाला, पण कान तापले होते.

वळणावर न्डिंडाची लेक समोर आली आणि कुंपणाला चिकटून उभी राहिली. मुसेंबीचा हात पट्ट्याकडे जाऊ लागला. त्यानं सुतळी ओढली, टाका घातला, पुन्हा ओढली. रेंजरनं मान वर करून त्याच्या हातांकडे पाहिलं. मग मुलीकडे न बघता तो पुढे गेला.

घरी कवातानं पिशवी हातात घेतली. एका जागी वीण इतकी घट्ट होती की सुईही शिरली नसती. तिनं तिथं बोट ठेवलं.

"इथं पोरगी आली ना?"

"हो," मुसेंबी म्हणाला. "पण पुढची ओळ सैल आहे बघ."